बिलावर रॅमचा पूर्ण पार्ट नंबर लिहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जून लागला की नागपुरात बर्डीवरच्या संगणकाच्या दुकानांत उभे राहायला जागा नसते. अभियांत्रिकीला, आर्किटेक्चरला, ॲनिमेशनला प्रवेश घेतलेली मुले आणि त्यांचे आईवडील हातात कोटेशनचा कागद घेऊन या दुकानातून त्या दुकानात फिरत असतात. त्या कागदावर प्रोसेसरचे नाव पूर्ण असते, ग्राफिक्स कार्डाचेही असते. मेमरीपुढे मात्र एवढेच लिहिलेले असते : ‘रॅम ३२ जीबी’. किंवा ६४, किंवा १२८. त्या एका ओळीबद्दल मी हे पत्र लिहीत आहे. तशाच एका ओळीपायी गेल्या उन्हाळ्यात माझे सहा आठवडे गेले आणि एका तलावाचे सर्वेक्षण अर्धवट राहिले.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. ड्रोनने काढलेले फोटो एकमेकांशी जुळवायचे आणि त्यावरून जमिनीचे चढउतार काढायचे, हे माझे काम. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांत गाळ किती साचला, पाळ कुठे खचली, पाणी किती मावेल, याचा हिशेब या नकाशांवरून निघतो. तलावाचा तळ उघडा पडतो तो एप्रिल-मे मध्येच. मृगाचा पाऊस उतरला की राहिलेले काम पुढच्या वर्षावर जाते.

या कामाला मेमरी फार लागते. एका तलावाचे दोन-अडीच हजार फोटो असतात आणि एका फोटोतली खूण बाकीच्या फोटोंत कुठे कुठे दिसते ते संगणकाला शोधायचे असते. माझ्या जुन्या संगणकात ३२ जीबी रॅम होती. रात्रभर चालून पहाटे तो ‘मेमरी अपुरी’ असे दाखवून थांबायचा. म्हणून गेल्या वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी नवीन वर्कस्टेशन बांधून घेतले. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, डीडीआर५ या नव्या पिढीची मेमरी (रॅम), १२८ जीबी. सगळे मिळून पावणेदोन लाख. माझ्यासारख्या एकटीने काम करणाऱ्या बाईला ही रक्कम मोठी आहे.

दुकानात ३२ जीबीच्या दोन स्टिक्सचा, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांचा, एक बंद डबा होता. दुसऱ्या दोन स्टिक्स सुट्या, प्लास्टिकच्या साच्यात होत्या. कंपनी एकच, पत्र्याचा रंग एकच, वर ५६०० हा वेगाचा आकडा लिहिलेला. मी विचारले, चारही सारख्याच आहेत ना? उत्तर आले, ‘‘सेमच आहे मॅडम. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस. चालून जाते.’’ मी पैसे दिले. बिलावर एचएसएन कोड ८४७३ होता, १८ टक्के जीएसटी पैशापर्यंत होता, आणि ‘रॅम १२८ जीबी डीडीआर५’ होते.

जोडणी माझ्यासमोरच झाली. बटण दाबले, पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. मुख्य बोर्डाच्या (मदरबोर्डच्या) कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात. त्यांतला ‘डीरॅम’ असे लिहिलेला पिवळा दिवा लागून राहिला. दुकानातल्या मुलाने मिनिटभर वाट पाहिली, बटण दाबून बंद केले, पुन्हा लावले. पुन्हा काळा. असे सात-आठ वेळा झाले. मग त्याने स्टिक्स काढल्या, खिशातले खोडरबर काढून त्यांचे सोनेरी दात घासले, परत लावल्या. तरी काळाच. ‘‘बोर्ड डेड आहे,’’ असा निकाल लागला आणि दुसरा बोर्ड आणायला माणूस गेला. दुसऱ्या बोर्डावरही तेच सुरू झाले. तेवढ्यात त्या मुलाला फोन आला, तो बाहेर गेला, संगणक तसाच चालू राहिला. दहा-बारा मिनिटांनी तो परत आला तेव्हा पडद्यावर अक्षरे आली होती. सगळ्यांना वाटले, पहिला बोर्डच खराब होता.

पहिला बोर्ड खराब नव्हता, हे मला पुढे कळले. डीडीआर५ मेमरी पहिल्यांदा लावली की बोर्ड आधी तिची पारख करतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ५६०० च्या वेगाला एका बिटच्या वाट्याला सुमारे १८० पिकोसेकंद येतात. म्हणजे एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले १८०. एवढ्याशा वेळात प्रत्येक तारेवरचा सिग्नल नेमका कधी वाचायचा, हे बोर्ड एकेका तारेसाठी चाचपून ठरवतो. चार मोठ्या स्टिक्स असतील तर त्याला पाच, दहा, कधी त्याहून जास्त मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. मध्येच बंद केले की ही पारख पहिल्यापासून. म्हणजे आम्ही सात-आठ वेळा त्याला उठवून बसवले आणि मुकाच आहे म्हणालो. त्या दिवशी परत गेलेला बोर्ड चांगला होता. नागपुरातून असे किती चांगले बोर्ड ‘डेड’ म्हणून परत जात असतील, याचा विचार करून वाईट वाटते. त्या मुलाला कोणी हे सांगितलेच नव्हते, त्याचा काय दोष?

संगणक घरी आला. वेग पाहून मन भरून आले. पहिल्या आठवड्यात एका तलावाचा नकाशा एका रात्रीत झाला. दुसऱ्या नकाशात पाळीवर एक सुळका दिसला, चाळीस मीटर उंच, काठीसारखा सरळ. झाड असेल म्हणून मी गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याला फोन केला. तो पाळीवर जाऊन आला आणि म्हणाला, ‘‘तिथं तर बेशरमचं झुडूपही नाही जी.’’ मी तो भाग पुन्हा चालवला. सुळका गेला आणि दुसऱ्या ठिकाणी खड्डा आला. फोटो तेच, सेटिंग तीच, उत्तर वेगळे.

तिथेच मी थांबायला हवे होते. पण दुकानातून सांगितले गेले की विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारा. मी फॉरमॅट केले. चार दिवसांनी निळा पडदा. पुन्हा फॉरमॅट. मग झिप फाइली उघडेनात. आणि मग ते झाले जे मला आजही लागून राहिले आहे. एका तलावाच्या दोन उड्डाणांचे फोटो मी कार्डावरून संगणकात घेतले, कार्ड पुसले, दुसऱ्या तलावावर गेले. आठवड्याने फोटो उघडले तर त्यांतल्या दीडशे-दोनशे फोटोंचा खालचा भाग राखाडी होता. वरच्या अर्ध्यात भेगाळलेला गाळ, बैलगाडीची चाकोरी, आणि खाली काहीच नाही. कार्डावरची माहिती आधी मेमरीत येते आणि तिथून डिस्कवर जाते. वाटेतली मेमरीच चुकत असेल तर डिस्कवर चूकच उमटते आणि कोणी काही बोलत नाही.

मग मी स्वतः हातात घेतले. मेमटेस्ट८६प्लस नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. तो पेन ड्राइव्हवर टाकायचा आणि संगणक त्यावरून सुरू करायचा. विंडोजचा संबंधच येत नाही, त्यामुळे दोष विंडोजचा की मेमरीचा हा वाद तिथेच मिटतो. पहिल्या रात्री वीस मिनिटांत लाल ओळी सुरू झाल्या. शेजारच्या खोलीत मुलगी झोपली होती आणि मी अंधारात त्या लाल ओळी वर सरकताना पाहत बसले. वाईट वाटण्यापेक्षा सुटल्यासारखे वाटले, कारण महिनाभर मी माझ्या पद्धतीतच चूक शोधत होते.

त्यानंतर एकेक स्टिक. बाकीच्या तीन काढायच्या, एक लावायची, ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. बोर्डाच्या पुस्तकात या खाचेला ए२ म्हटलेले असते. एक किंवा दोन स्टिक्स असतील तर दुसरी आणि चौथी खाच आधी भरायची, हे बहुतेक सगळ्या चार खाचांच्या बोर्डांचे सांगणे असते. एका स्टिकला तीन-चार तास. चार स्टिक्सना दोन रात्री. आणि चारही पास! एकातही एकसुद्धा चूक नाही. मग डब्यातल्या दोघी एकत्र : पास. सुट्या दोघी एकत्र : पास. चारही एकत्र : लाल.

चष्मा काढून, टॉर्च लावून मी लेबले वाचली. चारही लेबलांवर २आर×८ लिहिले होते. म्हणजे प्रत्येक स्टिकवर चिपांचे दोन गट. पण पार्ट नंबर शेवटच्या तीन अक्षरांत वेगळे होते. सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये पाहिले तर डब्यातल्या स्टिक्सवर एका कारखान्याच्या चिपा आणि सुट्यांवर दुसऱ्याच्या. पत्र्याचा रंग सारखा, आतला माल निराळा. दोन्ही माल चांगले, पण त्यांच्या वेळा जुळत नव्हत्या.

त्याच्याही मुळाशी एक गोष्ट होती. या प्रोसेसरला मेमरीच्या दोनच वाहिन्या आहेत. चार स्टिक्स लावल्या की एकेका वाहिनीच्या तारांवर दोन-दोन स्टिक्स लटकतात आणि सिग्नल एकीवरून परतून दुसरीच्या सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणून एएमडीने स्वतःच लिहून ठेवले आहे की ७९५०एक्सवर दोन स्टिक्स असतील तर ५२०० पर्यंत आणि चार असतील तर ३६०० पर्यंत. डब्यावरचा ५६०० हा आकडा स्टिकपुरता आहे. प्रोसेसरने त्याची हमी घेतलेली नाही. दुकानात बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ प्रोग्राममध्ये, जाऊन एक्स्पो ही सोय चालू केली की तो आकडा पडद्यावर दिसतो आणि ग्राहक खूश होतो. इंटेलच्या बाजूला याच सोयीला एक्सएमपी म्हणतात. दोन्ही म्हणजे ठरलेल्या वेगाच्या पुढे पळवणे. खेळाच्या संगणकावर एखादी चूक झाली तर खेळ बंद पडतो, पुन्हा सुरू करता येतो. माझ्या कामात त्या चुकीचा चाळीस मीटरचा सुळका होतो.

वेग कमी करून पाहायचे ठरवले तेव्हा नागपूरच्या मे महिन्याने आणखी एक धडा दिला आणि तो मला कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडला नव्हता. ४८०० वर मी रात्री टेस्ट लावली. सकाळपर्यंत स्वच्छ. आनंदाने मी कामाला लागले, आणि दुपारी तीनला निळा पडदा. बाहेर ४५ अंश, खोलीत कूलर चालू असूनही ३६. दुपारी टेस्ट लावली तर चाळिसाव्या मिनिटाला लाल ओळ. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमान मोजणारा सेन्सर असतो. त्यावर रात्री ५२ दिसायचे आणि दुपारी ६७. मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे एका बारीकशा कपॅसिटरमधला विद्युतभार. तो गळत असतो, म्हणून डीडीआर५ मध्ये दर ३२ मिलिसेकंदांत सगळे बिट पुन्हा भरून घेतले जातात. तापमान वाढले की गळती वाढते. त्यात डीडीआर५ ने वीज नियंत्रित करणारी चिप बोर्डावरून उचलून स्टिकवरच आणली आहे, तिची उष्णता वेगळी. खाली ग्राफिक्स कार्डाचा गरम वारा, आणि चार स्टिक्स खेटून बसल्यामुळे मधल्या दोघींना हवाच नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोला, वर्धा इथल्या लोकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की मेमरीची टेस्ट मे महिन्यात दुपारी दोनला लावा. रात्रीचा पास हा अर्धाच पास.

आणि कॅबिनेटचे झाकण काढून कूलर समोर ठेवू नका. मला तसे सुचवले गेले होते आणि मी दोन दिवस तसे केलेही. कूलरच्या वाऱ्याबरोबर आपल्या जड पाण्याचे तुषार येतात. तिसऱ्या दिवशी स्टिकच्या दातांवर पांढरे ठिपके होते. ते पुसायला खोडरबरही नको. रबराने सोन्याचा पातळ थर खरवडला जातो आणि त्याचा चुरा खाचेत पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड, एवढे पुरते. ही वस्तू आपल्याकडे मिळते आणि महागही नाही.

शेवटी ३६०० वर चारही स्टिक्स दोन रात्री आणि दोन दुपारी चालल्या. एकही चूक नाही. तेव्हा जून उजाडला होता. मी राखाडी फोटोंच्या तलावावर परत गेले. अर्धा तळ उडवून झाला आणि पाऊस आला. उरलेला अर्धा यंदाच्या मे मध्ये पूर्ण केला. गाळ काढण्याचे अंदाजपत्रक त्या नकाशावर अवलंबून होते, ते वर्षभर थांबले. गावच्या लोकांना मी काय सांगितले? संगणक बिघडला होता. त्यांनी समजून घेतले. पण धानाला पाणी कमी पडले तेव्हा त्यातला काही वाटा माझा होता, असे मला वाटत राहते.

दुकानदाराशी माझे बोलणे झाले. भांडण झाले नाही. तो म्हणाला, स्टिक्स सर्व्हिस सेंटरला पाठवतो. तिथे त्या एकेक करून तपासल्या गेल्या आणि ‘दोष नाही’ म्हणून परत आल्या. बरोबरच आहे, एकेकीत दोष नव्हताच. दोष जोडीत होता, आणि मला वेगवेगळ्या जोड्या दिल्या गेल्या हे दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता. बिलावर ‘रॅम १२८ जीबी’. पार्ट नंबर नाही, सिरियल नंबर नाही. याच स्टिक्स त्या दुकानाच्या आहेत हेदेखील त्या बिलावरून सिद्ध होत नव्हते.

बिलाच्या तळाशी छापलेले होते, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. वाचकांनी हे वाक्य वाचून गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये बिल न देणे, आणि दोष असलेला माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथा म्हणून नोंदलेल्या आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पण या सगळ्याचा उपयोग व्हायला आपण काय विकत घेतले हे बिलावर असावे लागते, आणि गाडी पुन्हा त्याच एका ओळीवर येते.

हे पत्र वर्षभराने लिहिण्याचे कारणही सांगते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांसाठी मेमरीची मागणी वाढली आणि घरगुती ग्राहकाला लागणारा माल महाग झाला. त्यामुळे लोक एक स्टिक इकडून, एक तिकडून, एक जुनी, एक नवी अशा घेऊ लागले आहेत आणि सर्व्हरमधून काढलेली स्वस्त रॅमही त्यांच्यासमोर ठेवली जाते आहे.

माझ्या भाच्याचे यंदाच झाले. अमरावतीला शिकतो. डीडीआर४ चा जुना संगणक, त्यात १६ जीबीच्या दोन ‘सर्व्हर पुल’ स्टिक्स निम्म्या भावात आणल्या. खाचेत नीट बसल्या, खटकन आवाज झाला, संगणक मात्र सुरू होईना. मी फोनवर विचारले, लेबलवर पीसी४-२४०० च्या पुढे कुठले अक्षर आहे? तो म्हणाला टी, मग डॅश, मग आर. तिथेच उत्तर मिळाले. आर म्हणजे रजिस्टर्ड. अशा स्टिकवर प्रोसेसर आणि चिपांच्या मध्ये एक रजिस्टर चिप असते आणि ती फक्त सर्व्हरच्या किंवा मोठ्या वर्कस्टेशनच्या बोर्डांना समजते. साध्या बोर्डाला यू लागते, म्हणजे अनबफर्ड. डीडीआर४ मध्ये दोन्हींना २८८ पिना आणि दातांच्या ओळीतला कापही एकाच जागी, म्हणून चुकीची स्टिक आरामात बसते. डीडीआर५ मध्ये हा काप सरकवला आहे आणि वीजही वेगळी आहे, रजिस्टर्डला १२ व्होल्ट, साधीला ५. त्यामुळे तिथे ती बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नये, एवढे तरी घराघरांत माहीत असावे. उलट बाजूही आहे. थ्रेडरिपर ७००० किंवा झिऑन डब्ल्यू-३४०० हे मोठ्या वर्कस्टेशनचे प्रोसेसर घेणाऱ्याला रजिस्टर्डच लागते. त्याला दुकानातली नेहमीची डीडीआर५ स्टिक काही कामाची नाही.

ईसीसीबद्दल, म्हणजे चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या मेमरीबद्दल, लिहिल्याशिवाय मात्र राहवत नाही. माझ्यासारखे काम करणाऱ्याने ही मेमरी मागावी. रिचर्ड हॅमिंग यांनी बेल लॅब्समध्ये असताना १९५० साली दाखवून दिले की माहितीच्या बिटांबरोबर थोडे जादा बिट ठेवले तर चूक झालेली कळतेच, शिवाय ती दुरुस्तही करता येते. डीडीआर४ च्या ईसीसी स्टिकमध्ये ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. एक बिट उलटला तर तो सुधारला जातो, दोन उलटले तर निदान इशारा मिळतो. बिट उलटणे ही दुर्मीळ गोष्ट आहे असे वाटत असेल तर गूगलच्या सर्व्हरांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. त्यात दरवर्षी आठ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूल्समध्ये चुका सापडल्या होत्या. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथल्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त पडली होती. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, नेमका एक बिट. तिथल्या यंत्रात तेव्हा दुसरा काही दोष सापडला नाही.

बर्डीवर मी ईसीसी मागितली तेव्हा मला सांगितले गेले, ‘‘मॅडम, डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच.’’ हे अर्धे खरे आहे आणि त्यानेच फसगत होते. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपच्या आत स्वतःपुरती दुरुस्ती असते. पण चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना वाटेत जी चूक होते तिच्यावर तिचा इलाज नाही, आणि चूक झाली हे ती कोणाला कळवतही नाही. माझ्या बऱ्याच चुका त्याच वाटेवरच्या होत्या. खऱ्या ईसीसी अनबफर्ड स्टिकच्या लेबलवर यूच्या जागी ई असते. ती घेण्याआधी आपला बोर्ड तिला ओळखतो का, हे त्या बोर्डाच्या पुस्तकात पाहावे. एकाच चिपसेटचे काही बोर्ड ओळखतात आणि काही ओळखत नाहीत.

दिवाळीत, भाव फार चढण्याच्या आधी, मी त्या चार स्टिक्स देऊन टाकल्या आणि ४८ जीबीच्या दोन स्टिक्सचा एकच बंद डबा घेतला. मिळून ९६ जीबी. चाराऐवजी दोन, म्हणून ५२०० चा वेग मिळतो. त्यांचा पार्ट नंबर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने तपासलेल्या मेमरीच्या यादीत आहे का, ते मी आधी पाहिले. ही यादी प्रत्येक बोर्डाच्या पानावर मोफत असते. ४८ जीबीच्या स्टिक्स २०२३ पासून बाजारात आल्या, त्याआधीच्या बायोसला त्या समजत नाहीत, म्हणून जुन्या स्टिक्स असतानाच बायोस नवे करून घेतले. यंदाच्या मे मध्ये भर दुपारी सलग तीन तलाव झाले आणि एकही फोटो राखाडी निघाला नाही.

नागपुरातल्या संगणक व्यावसायिकांना माझी विनंती आहे. तुमचा नफा किती पातळ आहे ते मला माहीत आहे, आणि तुमच्याकडची मुले दहा-दहा तास उभी असतात हेही मी पाहिले आहे. कोटेशनवर आणि बिलावर मेमरीचा पूर्ण पार्ट नंबर, स्टिक्स किती आणि त्या एकाच डब्यातल्या आहेत की सुट्या, एवढे लिहा. सिरियल नंबर लिहा. एक ओळ वाढेल. पहिल्यांदा सुरू करताना पंधरा मिनिटे बटणाला हात लावू नका. वर्कस्टेशन म्हणून विकत असाल तर एक रात्र आणि एक दुपार टेस्ट लावून, त्या पडद्याचा फोटो बिलासोबत द्या. याचे पाचशे-हजार रुपये जास्त घेतले तरी मी आनंदाने देईन, आणि माझ्यासारखे बरेच देतील.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. प्रवेशाच्या दिवसांत आपल्या पुरवणीत संगणक खरेदीवर मजकूर येतो. त्यात यंदा मेमरीच्या लेबलचा एक मोठा, स्पष्ट फोटो छापावा आणि यू, ई, आर ही अक्षरे, २आर×८ हा आकडा आणि पार्ट नंबर कुठे असतो ते बाण काढून दाखवावे. फोटो काढण्यासाठी माझ्याकडच्या स्टिक्स मी आपल्या कार्यालयात आणून देईन. भाच्याच्या त्या दोन रजिस्टर्ड स्टिक्सही आता माझ्याकडेच आहेत, त्याही आणते.

आपली वाचक,
एक सर्वेक्षण अभियंता
त्रिमूर्तीनगर, नागपूर